आडनावाची डाक

माझ्या घरात बरीच वर्षं ईमेलचा सर्व्हर चालायचा. आमच्या कुटुंबाची आणि ओळखीच्या काही लोकांची ईमेल एखाद्या मोठ्या कंपनीकडे न जाता अमरावतीत, आमच्या जिन्याखालच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकात यायची आणि तिथूनच बाहेर पडायची. असा खटाटोप करायची गरज बहुतेकांना कधी पडत नाही. मलाही पडली नव्हती. मी तो हौसेनं सुरू केला आणि पुढे त्याचा मला अभिमान झाला. त्या अभिमानापायी माझ्या भाऊजींचा उजवा डोळा गेला. पूर्णपणे त्याच्यामुळेच गेला का, हे डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही. त्या शंकेनं माझा दोष कमी होतो असं मी धरत नाही, वाढतो असंही धरत नाही. मला जे माहीत आहे तेवढं लिहितो.

मी एका कॉलेजात संगणक शिकवतो. संगणक एकमेकांशी कसे बोलतात, हा माझा विषय. वर्गात मी मुलांना सांगायचो की आपली पत्रं परक्याच्या घरात ठेवायची आणि तो ती वाचत नाही असं धरून चालायचं, यात काही शहाणपण नाही. मुलं ऐकून घ्यायची आणि परक्याच्याच घरात खाती उघडायची. मग मी इंटरनेटवर आमच्या आडनावाचा पत्ता विकत घेतला. बायकोला, मुलाला, अकोल्याच्या ताईला, भाचीला, सगळ्यांना त्या आडनावाच्या ईमेलच्या पेट्या करून दिल्या. ताईला सासरचं आडनाव होतं, तरी तिला माहेरच्या आडनावाची पेटी दिली, याचं तिला कौतुक वाटलं होतं. पुढे ओळखीनं आणखी माणसं आली. मोर्शीकडचे एक रोपवाटिकावाले आले, एक वकील आले, शेजारची एक शिकवणी आली.

त्रास पहिल्या उन्हाळ्यापासून होता. मे महिन्यात दुपारी त्या खोलीच्या कडीला हात लावला तर चटका बसायचा. यंत्र तापून बंद पडायला लागलं तसा मी हॉलमधला कूलर तिथे नेऊन लावला.

"माणसं घामानं भिजून राहिली अन्‌ डब्याले कूलर," बायको म्हणाली. "उद्या त्याले पन्हंही देजा."

कूलरच्या ओल्या हवेनं यंत्राचे स्क्रू गंजले, आतला पंखा अडकला. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की शेजाऱ्याच्या जनरेटरची वायर. ही कामं मला आवडायची. ती हातानं सुटणारी होती.

जे हातानं सुटत नव्हतं ते वेगळंच होतं. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. माझा पत्ता मला इथल्या एका लहानशा इंटरनेट पुरवणाऱ्याकडून मिळाला होता. त्याच्या मागचेपुढचे पत्ते त्यानं आणखी कुणाकुणाला दिले होते. त्यांतल्या एखाद्याच्या संगणकात काहीतरी शिरायचं आणि तो संगणक मालकाच्या नकळत जगभर भुरट्या जाहिराती पाठवत बसायचा. मोठ्या ईमेल कंपन्या अशा वेळी एकच घर पाहत नाहीत, गल्ली पाहतात. गल्ली बदनाम झाली की माझंही पत्र संशयित. दाद मागायला माणूस नाही. एक अर्ज असतो, तो भरायचा. त्याला यंत्रच उत्तर देतं.

बरं, त्या कंपन्या पत्र नाकारत असत्या तर मला कळलं असतं. त्या घेतात. मोठ्या अपार्टमेंटचा वॉचमन पाकीट घेतो, सही देतो, आणि मग ते पाकीट फ्लॅटमध्ये नेतो की जिन्यामागच्या टोपलीत टाकतो, हे आपल्याला दिसत नाही. माझ्या यंत्रात प्रत्येक पत्रापुढे नोंद उमटायची, की समोरच्यानं ते स्वीकारलं. मी त्या नोंदीला पावती म्हणायचो. ती फक्त वॉचमनची सही आहे, हे मला माहीत होतं. मी ते वर्गात शिकवायचो.

भाऊजींच्या डोळ्याचं झालं त्या वर्षी पावसाळा संपता संपता मोर्शीचे रोपवाटिकावाले घरी आले. संत्र्याची कलमं विकणारा माणूस, बोलायला मोकळा.

"सर, माहा मेल समोरच्याले कचऱ्यात भेटून राहिला ना. तो म्हंते, तुमी पाठवलाच नाही."

"त्याले म्हणा, कचऱ्यातून काढ अन्‌ हे कचरा नाही असं दाब. दोनचारदा केलं की समजते त्या कंपनीले."

"म्हंजे मी त्याले फोन करू, का बापा, मी मेल पाठवला, तो कचऱ्यात पाह्य?"

"हो."

"मंग मेल कायले पाठवू? फोनवरच सांगतो ना सारं!"

आम्ही दोघंही हसलो. ते गेल्यावर मी तपासलं. आमची गल्ली पुन्हा बदनाम यादीत गेली होती. मी अर्ज भरला. यंत्राचं उत्तर आलं की तुमची विनंती पाहिली, सध्या काही करता येत नाही. मी पुन्हा भरला. मग मी माझ्याच सर्व्हरवरून, एका मोठ्या कंपनीकडे असलेल्या माझ्याच दुसऱ्या खात्यावर एक पत्र पाठवलं. ते कचऱ्यात, म्हणजे स्पॅमच्या फोल्डरमध्ये, न जाता नीट समोर आलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि ते प्रकरण मिटलं असं मनात लिहून टाकलं.

जे या धंद्यात नाहीत त्यांना इथली खोट सांगितली पाहिजे. ते खातं माझं होतं. त्या खात्यात मी कित्येकदा माझीच पत्रं कचऱ्यातून बाहेर काढली होती. त्या खात्याला माझी सवय झाली होती. त्याच्यावर परीक्षा घेणं म्हणजे आपल्याच आईला विचारणं, की मी चांगला मुलगा आहे का. खरी परीक्षा करायची तर अनोळखी माणसाच्या खात्यावर करावी लागते. मी ती केली नाही. विसरलो असतो तर आज एवढं लिहिलं नसतं. मला उत्तर ऐकायचं नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या बाहेर त्यांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध, आणि कडेनं मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. घराणंच फुलं आणि भाजी लावणारं. पहाटे फुलं तोडायची, गाठोडी बांधायची, मोटरसायकलला लावून बाजारात न्यायची, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. शुगर त्यांना बरीच वर्षं होती. गोळ्या ते घ्यायचे, पण सणाच्या दिवसांत माल निघत असला की जेवणाचं आणि गोळीचं गणित राहायचं नाही. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तो गेला. तेव्हा ते म्हणाले, "एक बंद झालं तं झालं. दुकानाले दोन शटर असतेच ना."

मग उजव्या डोळ्यापुढे जाळं यायला लागलं. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतल्या पडद्याचे फोटो काढले आणि स्वच्छ सांगितलं, की ऑपरेशन नाही केलं तर हा डोळा जाईल, आणि केलं तर बिघडूही शकतो. हैदराबादला त्यांच्या माहितीतले एक वरिष्ठ डॉक्टर होते. त्यांना फोटो पाठवा, ते पाहून या म्हणाले तर लगेच निघा. तिथे फोन केला तर मदतनीस म्हणाली की फोटो ईमेलनं पाठवा, डॉक्टर स्वतः पाहतात आणि कळवतात, फोनवर काही सांगत नाहीत.

भाचीनं ते फोटो आणले. ती अकोल्यात फार्मसी शिकते. "मामा, मी पाठवते मोबाईलवरून," ती म्हणाली. मी त्या दिवशी अकोल्यातच होतो, लॅपटॉप बरोबर होता. मी म्हणालो, "तुझ्या त्या फुकटच्या खात्यावरून नको. मोठ्या डॉक्टरांकडे चाललंय. घरच्या पत्त्यावरून जाऊ दे."

हे वाक्य मला पुष्कळदा आठवतं. घरचा पत्ता. डॉक्टरांच्या संगणकावर आमचं आडनाव दिसावं, ही माझी इच्छा होती. यात भाऊजींच्या डोळ्याचा काय संबंध होता, हे मला आज सांगता येत नाही.

भाऊजी खाटेवर बसून पाहत होते. "साळेबुवा, जाईन ना बराबर? नाही तं पोष्टानं टाकतो."

"भाऊजी, तुमचा चहा संपायच्या आत तिकडे पोचते."

"चहा तं संपला माहा कवाचाच."

मी पत्र पाठवलं, मग यंत्रातली नोंद उघडली आणि लॅपटॉप ताईपुढे धरला. "हे पाह्य. घेतलं त्यांनी." तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं माझ्या बोटाखालची ओळ पाहिली आणि म्हणाली, "झालं बाप्पा. सुटलो." त्या क्षणी मोर्शीवाल्यांचं बोलणं मला आठवलं होतं का? आठवलं होतं. खोटं कशाला लिहू. आठवलं, आणि मी स्वतःला म्हणालो की परवा मी स्वतःला पाठवलेलं पत्र तर नीट पोचलं होतं.

दसरा जवळ आला होता. झेंडूचा माल त्याच दिवसांत निघतो, वर्षाचं सगळं त्याच्यावर असतं. भाऊजी म्हणाले, "माल निघू दे. तवर डॉक्टर कळवतीनच." दसरा झाला. उत्तर आलं नाही. मी अमरावतीहून रोज पेटी उघडून पाहायचो. ताईचा फोन आला की मी म्हणायचो, "येईल. मोठा माणूस आहे, हजार पेशंट असतात."

आमच्याकडे एक समज आहे. मोठ्या माणसाला एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा आठवण करायची नाही. तलाठी असो, डॉक्टर असो, मुलीच्या सासरचे असोत, दुसऱ्यांदा विचारलं की त्यांना राग येतो आणि होणारं काम बिघडतं, असं आम्ही मानतो. ताई तर ते फारच मानते. तिनं एकदा विचारलं, "फोन करून पाहू का एकदा तिकडे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, "नको. चिडतीन, मंग फोटोच पाहणार नाहीत." मी हो म्हणालो. तिची भीती मला सोयीची होती. फोन केला असता तर ती मदतनीस म्हणाली असती की तुमचं काही आलेलंच नाही. मग मला जिन्याखालच्या खोलीबद्दल बोलावं लागलं असतं.

अकोल्याच्या डॉक्टरांकडेही ते मधल्या काळात गेले नाहीत. भाऊजी म्हणायचे, "तिकडचा जवाब नाही आला, मंग त्यायले जाऊन काय सांगू?"

भाऊबीजेला मी अकोल्याला गेलो. ताईनं ओवाळलं, जेवण झालं. भाऊजी जेवून मागे मळ्यात गेले तशी भाची माझ्या मागोमाग अंगणात आली.

"मामा, उत्तर आलं नाही अजून."

"दिवाळी आहे. सुट्टीवर असतील."

"दसऱ्याच्या आधी पाठवलं होतं आपण. तेव्हा कुठे सुट्टी होती?" ती म्हणाली. "बाबा कळ्या तोडून राहिले, मामा. फूल अन्‌ कळी यातला फरक दिसत नाही त्यांना. बाजारात लोक हसतात. परवा आईनं अर्धं गाठोडं घरी परत आणलं अन्‌ त्यांना सांगितलं की सगळं खपलं."

मी अंगणातल्या विझलेल्या पणत्या गोळा करायला लागलो.

"मी माझ्या मोबाईलवरून पुन्हा पाठवू का?"

"दोनदा पाठवलं तर वैतागतात ते लोक."

"तुम्हाला नक्की माहीत आहे का, की पोचलंय?"

"पावती आहे माझ्याकडे," मी म्हणालो. चढ्या आवाजात म्हणालो. ती माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची मुलगी आहे आणि मी तिच्याशी शिक्षकासारखा बोललो. ती आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तिनं माझं ऐकलं नाही. सकाळी तिनं आपल्या त्या फुकटच्या खात्यावरून तेच फोटो पाठवले आणि कुणालाच सांगितलं नाही. त्याच दिवशी दुपारी मी कॉलेजातून निघत असताना तिचा फोन आला.

"मामा, हैदराबादहून फोन आला होता. लगेच निघा म्हणाले. विचारत होते, इतके दिवस काय करत होते तुम्ही."

मला त्या वेळी आधी काय वाटलं ते लिहितो. मला तिचा राग आला. मला न सांगता पाठवलं म्हणून. भाऊजींचा विचार त्याच्यानंतर आला. किती वेळानं, ते सांगता येणार नाही, पण नंतर आला.

आम्ही अकोल्याहून रेल्वेनं गेलो. ताई, भाऊजी आणि मी. भाऊजी खिडकीशी बसले होते आणि ताई त्यांना बाहेरचं सांगत होती, कपाशी आहे, आता तूर आहे, आता नुसतं रान आहे. ते म्हणाले, "मले दिसते वं, सांगू नको." थोड्या वेळानं म्हणाले, "सांग बरं. काय आहे आता?"

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी तपासलं, आणि बाहेर येऊन मला हिंदीत सांगितलं की पडदा ओढला गेला आहे, ऑपरेशन करू, पण मधल्या भागाची नजर परत येईल अशी आशा धरू नका. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "बेहतर होता. कितना, ये मैं नहीं कह सकता." ऑपरेशन झालं. आज भाऊजींना उजेड कळतो. समोर कुणी उभं राहिलं तर कुणीतरी आहे एवढं कळतं. कोण आहे ते आवाजावरून.

घरी निघायच्या आदल्या दिवशी मी त्या मदतनीस बाईंच्या टेबलाशी गेलो. मला जायलाच हवं होतं असं नाही. मी म्हणालो की आम्ही दसऱ्याच्या आधी एक ईमेल पाठवलं होतं. त्यांनी शोधलं, नाही म्हणाल्या. मी म्हणालो, कचऱ्याच्या फोल्डरमध्ये पाहा. त्यांनी उघडलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. कुणाला लॉटरी लागल्याचं पत्र, वजन कमी करायची गोळी, आणि त्यांच्या मध्ये आमचं आडनाव. शेजारी फाइल जोडल्याची खूण. न उघडलेलं होतं, म्हणून ठळक अक्षरांत होतं.

"अरे, ये तो यहाँ पड़ा है," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. "सर, हमने देखा ही नहीं. फोन कर लेते एक बार."

बाहेर बाकावर ताई बसली होती. मी तिला म्हणालो, "मेल आला होता त्यांना. त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात पडून होता. त्यांची सिस्टिम तशी आहे." ती म्हणाली, "असं का," आणि भाऊजींच्या औषधांची पिशवी आवरायला लागली. मी बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी मला ते बोलताना तिच्याकडे पाहता आलं नाही, भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहत होतो.

अमरावतीत परत आल्यावर मी मोर्शीवाल्यांना, वकिलांना आणि शिकवणीवाल्यांना मोठ्या कंपनीकडे खाती उघडून दिली आणि त्यांची जुनी पत्रं तिकडे हलवली. त्यांना कारण सांगितलं की आता मला वेळ होत नाही. यंत्र लगेच बंद केलं नाही. हिवाळाभर ते चालूच होतं. त्यात आता घरच्यांचंही काही येत नव्हतं, फक्त बाहेरचे भुरटे दार ठोठावून जात होते आणि त्याची नोंद होत होती. एका रविवारी दुपारी बायको म्हणाली, "त्या खोलीत कांदे ठेवायचे आहेत." मी यंत्र बंद केलं. कूलर तिनं धुऊन पुसून हॉलमध्ये लावून घेतला.

संक्रांतीनंतर मी अकोल्याला गेलो. ताईला सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. मळ्याचा मोठा तुकडा त्यांनी आता दुसऱ्याला लावायला दिला आहे. घरामागे शेवंतीच्या थोड्या ओळी ठेवल्या आहेत. ताई ओसरीवर हार ओवत बसली होती. भाऊजी आत झोपले होते. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "ताई, तो मेल..."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. सुई थांबली नाही. "पोरीनं सांगितलं तवाच. तुह्या मशीनीतून गेला तो कचऱ्यात पडला, अन्‌ तिच्या मोबाईलवरून गेला तो पोचला. मी वाट पाहून राहिली होती, तू कवा सांगतं म्हणून. दिवाळीपासून पाहून राहिली."

तिला एवढं माहीत होतं. इथे थांबता आलं असतं. यंत्राचा दोष, नशिबाचा दोष. ती मला माफ करायला तयार बसली होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

मी म्हणालो, "एवढंच नाही. मले पाठवायच्या आधीच माहीत होतं. माह्या मशीनीची पत्रं कचऱ्यात जाऊन राहिली, हे एक माणूस घरी येऊन सांगून गेला होता. मी तरी त्याच्यातूनच पाठवलं."

आता सुई थांबली.

"काहून?" ती म्हणाली.

मी बोलायचा प्रयत्न केला. आडनाव, घरचा पत्ता, असं काहीतरी बोललो. अर्ध्यातच मला ते ऐकवेना.

"तुले फोन उचलता येत नव्हता?" ती म्हणाली. "मी तं अडाणी आहे. मी भेली, डॉक्टर चिडतीन म्हणून. तू कायले भेला?"

ती हातातलं फूल फिरवत बसली. मग तिनं ते ओवलं, दुसरं उचललं, तेही ओवलं. मी म्हणालो, "मी भाऊजींना सांगतो. ते उठले की सांगतो."

"नाही सांगायचं," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण मी लहान असताना ती मला विहिरीपासून दूर ओढायची तेव्हाचा होता. "त्यायले वाटते नशिबात होतं. नशिबावर माणूस किती दिवस रागावते? दोन घास खातात, रेडिओ ऐकतात. तुहं नाव कळलं तर ते खाणं सोडतीन. मंग मी कोणाले सांभाळू, त्यायले का तुले?"

"पण ताई, हे माह्या मनात..."

"ठेव मनात," ती म्हणाली. "तेवढं तं करशीन का माह्यासाठी?"

तिनं चहा केला. मी प्यालो. निघताना ती दारापर्यंत आली, पण नेहमीसारखं "पोचला की फोन करजो" म्हणाली नाही.

हे मी लिहितो आहे म्हणजे तिचा शब्द मोडतो आहे, असं कुणाला वाटेल. मीही तो विचार केला. हे छापून आलं तरी भाऊजी वाचू शकणार नाहीत, आणि घरात जे वाचू शकतात ते त्यांना वाचून दाखवणार नाहीत. हा हिशोब मी लिहायला बसायच्या आधी केला होता. तो माझ्या मनात इतक्या सहज आला, याचीही मला लाज वाटते.

दर महिन्याला भाऊजींना अकोल्याच्या डॉक्टरांकडे डोळ्यातला दाब तपासायला न्यावं लागतं. भाचीच्या परीक्षा असतात, ताईला घर आणि फुलं आहेत, म्हणून मी सुट्टी काढून अमरावतीहून जातो. ताई त्यांचा सदरा काढून ठेवते, टोपी देते, आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळ्या दिल्या आहेत, कागद पिशवीत आहेत, परत येताना मीठ आणजो. तेवढंच.

परवा गेलो तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. बाकावर आमच्या शेजारी अंजनगावकडचे एक म्हातारे बाबा होते, त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी. भाऊजींनी आवाजावरून ओळखलं की शेजारी बोलण्यासारखा माणूस आहे. शुगर किती दिवसांपासून, कोणता डोळा, असं बोलणं निघालं. बाबांनी विचारलं, "संगं कोण आहे?"

"साळा आहे माहा," भाऊजी म्हणाले. माझा दंड त्यांनी धरलेलाच होता, तो जरा दाबला. "अमरावतीले कॉलेजात आहे. कम्प्युटरचा मोठा माणूस. हैदराबादच्या डॉक्टरपर्यंत यानंच पोचवलं मले. आपल्यासारख्याले कोण पुसते तिकडे? यानं घरूनच कागद पाठवले, समदे फोटो पाठवले. पोरगं बसून राहिलं त्या मशीनीपुढं." मग म्हणाले, "उशीर झाला, ते जाऊ द्या. त्यानं त्याच्याकून झालं तेवढं केलं."

"नशीब लागते असा साळा भेटाले," बाबा म्हणाले.

"हो ना," भाऊजी म्हणाले.

आतून त्यांचं नाव पुकारलं. मी उठलो. त्यांनी माझा दंड सोडला नाही. दारात उंबरठा होता. मी म्हणालो, "भाऊजी, पाय उचला," आणि त्यांनी उचलला.